खोक्यावर माझं नाव

७ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

नाव वाचून हसशील. पायाला भिंगरी आहे म्हणून लहानपणी तुला हे नाव पडलं. आता तिशी उलटलेल्या माणसाला असं कोणी लिहीत नाही हे मलाही कळतं, पण तुझं खरं नाव लिहायला घेतलं आणि शाळेच्या दाखल्यावर लिहितोय असं वाटायला लागलं. तेव्हा राहू दे.

तुझं खोकं काल पोचलं. पोस्टमन खालून ओरडला तशी तुझी आई धावली. तुझ्याकडून काही आलं की ते तिचंच, हे घरात ठरलेलं आहे. जिन्यात तिनं वरचं नाव वाचलं असावं, कारण मधेच पावलांचा आवाज थांबला. मग वर येऊन खोकं माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, "तुमचं आहे. त्यानं पाठवलंय. तुम्हाला."

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. माझंच नाव.

तू घर सोडल्यापासून तुझा फोन येतो तो आईला. चुकून मी उचलला तर "बरं आहे ना?" "हो, बरं." "थांब, आईला देतो." एवढंच आपलं संभाषण. त्यात झाडांचा विषय कधी निघाला नाही. तुझा माझ्या झाडांवर पहिल्यापासून राग. लहानपणी दोनदा काटे रुतले तेव्हापासूनचा. म्हणून वर्तमानपत्राचा पहिला कागद सोडवला तेव्हा मला वाटलं तू काहीतरी गंमत करतोयस.

पाच चांदण्या! आमच्या क्लबात त्या निवडुंगाला नुसतं चांदणी म्हणतात. जमिनीला घट्ट चिकटून वाढणारा, दगडासारखा राखाडी, वरून पाहिलं तर पाच-सहा टोकांची चांदणी. वर्षभर बघणाऱ्याला वाटतं, हे काय कौतुक करतात ह्या धोंड्याचं. आणि पावसाळा सरला की एक दिवस त्या धोंड्याच्या मधोमध त्याच्यापेक्षा मोठं गुलाबी फूल. माझ्याकडे बियांपासून केलेल्या आहेत त्या मी तू शाळेत असताना पेरल्या. त्यातली सगळ्यात मोठी अजून कपाच्या तोंडाएवढी नाही. तू पाठवलेली एक तर बशीएवढी आहे.

आईनं दिवसभर तीन शेजारणींना वर गच्चीत आणून दाखवल्या. "मुलानं पाठवल्यात. ह्यांना आवडतात म्हणून." तिला निवडुंग आणि दुधी भोपळा ह्यांत फरक कळत नाही, पण काल तिची मान ताठ होती.

मुळं जरा तुटली आहेत, प्रवासात होतं असं. सावलीत सुकत ठेवली आहेत. जखम भरल्याशिवाय मातीत लावायची नसतात, आणि लावल्यावरही बरेच दिवस पाणी द्यायचं नाही. कुठल्या नर्सरीतून घेतल्यास तेवढं कळव. अशी नर्सरी आहे हे मला माहीत नव्हतं.

फोनवर बोलता येत नाही म्हणून लिहिलं. खोक्यावर लॉजचा पत्ता होता, त्यावरच टाकतो.

बाबा

४ मार्च

प्रिय भिंगरी,

आणखी दोन खोकी मिळाली. गच्चीतल्या छपराखाली आता जागा उरली नाही, म्हणून आईनं तिच्या कपडे वाळत घालायच्या दोरीखालची जागा मला दिली. इतक्या वर्षांत तिनं तिथं माझी एक कुंडी ठेवू दिली नव्हती.

मी नर्सरीचं नाव विचारलं होतं. ते राहिलं असेल.

दुकानात मी अजून सकाळचा जातो. मालकाच्या मुलानं मशीन घेतलंय, चष्म्याची काच तेच कापतं. मी कडा घासतो आणि चौकटीत बसवतो. तिथलं एक मोठं भिंग मागून आणलं आणि तुझ्या चांदण्यांची मुळं बघत बसलो. ह्या जातीला मुळ्यासारखं एक जाड मूळ असतं. पाठवलेल्या प्रत्येकीचं ते मूळ अर्ध्यातून गेलं आहे. आणि ते तुटलेलं नाही. तुटलं तर तंतू लोंबतात. हा काप आहे, सपाट, एका बाजूनं जरा दाबलेला. पहारीचा असतो तसा.

एकीच्या टोकांच्या बेचक्यात बारीक लाल खडी घट्ट बसली आहे. सुईनं काढायला गेलो तर खडीबरोबर एक गोगलगाय निघाली, वाळलेली, शंखासकट. नर्सरीतल्या झाडांची अंगं कशी सारखी, गुळगुळीत असतात, इस्त्री केल्यासारखी. ह्यांच्या अंगावर उन्हाचे डाग आहेत, किड्यांनी कुरतडलेलं आहे, एकीवर कुठल्यातरी जनावराचा खूर पडून गेल्याची खूण आहे. ही झाडं कोणी वाढवलेली नाहीत रे. ही आपली आपण वाढली आहेत.

मी तुझ्यावर काही आळ घेत नाही. तुला कोणीतरी फसवून विकली असतील. तुला त्यातलं कळत नाही, आणि विकणारा काही "डोंगरातून उपटून आणली" असं सांगत नाही. पण कायद्यानं ही झाडं डोंगरातून काढायला बंदी आहे, एवढं तुझ्या कानावर घालतो. आता आणखी पाठवू नकोस. पाठवलीस ह्यातच सगळं आलं.

आईला मी काही बोललेलो नाही. क्लबातले दातांचे डॉक्टर रविवारी येऊन गेले. चांदण्या बघून ते कुंड्यांपाशी उकिडवेच बसले. "कुठून मिळवल्या?" म्हणाले. मी म्हणालो, मुलानं पाठवल्या. त्यांनी आणखी विचारलं नाही. आणि त्यांनी विचारलं नाही ह्याचंच मला जास्त वाटलं.

बाबा

१७ एप्रिल

भिंगरी,

तुझा निरोप आईकडून कळला. त्या डोंगरातून रस्ता जाणार आहे, बुलडोझरखाली चिरडण्यापेक्षा वाचवलेली बरी, असं तू म्हणालास. आईनं ते मला मोठ्या अभिमानानं सांगितलं, "जीव वाचवतोय तो झाडांचा. अगदी तुमच्यावर गेलाय." खरं सांगायचं तर माझा जीव भांड्यात पडला. रस्ता होणार असेल तर वेगळं, असं मी स्वतःला चार दिवस सांगत होतो. चार दिवस बरे गेले.

काल मी दुकानातून आलो तर जिन्यात एक माणूस उतरताना भेटला. डोक्याला टोपी, हातात दोन खोकी. मला "काका, जरा बाजूला" म्हणाला. त्या खोक्यांवरची दोरी माझी होती, कुंड्या बांधायची.

वर आलो. आई हात धूत होती.

"कोण होता?"

"भिंगरीचा माणूस. सकाळी त्याचा फोन आला होता ना. तो म्हणाला, मोठ्या बारा निवडून दे. मी आपल्या जुन्या चादरीत गुंडाळून दिल्या. एक काटासुद्धा मोडू दिला नाही."

"आणि मला विचारायचं?"

"तुमच्या का होत्या त्या?"

तिनं सहज म्हटलं. तिच्या मनात काही नव्हतं. पण मी तसाच गच्चीत गेलो आणि कठड्याला टेकून उभा राहिलो. मोठ्या सगळ्या गेल्या होत्या. ज्यांना बुरशी धरत होती, ज्यांचा मधला कोंब मोडला होता, त्या राहिल्या होत्या. त्या माझ्या.

उरलेलं खोकं न्यायला टोपीवाला पुन्हा वर आला तेव्हा मी तिथंच होतो. म्हणाला, "काका, पुढचा माल आला की महिनाभर असाच सावलीत सुकवा. तुमच्या हातचा माल टिकतो म्हणतात."

भिंगरी, खोक्यावर माझं नाव का होतं हे मला आता कळलं. म्हाताऱ्याची गच्ची, आधीच शेकडो निवडुंग, त्यात आणखी चाळीस कोणाच्या डोळ्यांवर येतात? आणि म्हातारा ती जगवेल, कारण जगवल्याशिवाय त्याला राहवत नाही. हिशोब चांगला केलास. शाळेत तुझं गणित कच्चं होतं म्हणून मी उगाच काळजी करायचो.

रागावून लिहितोय असं वाटेल. राग असता तर बरं होतं. तू मला एक पत्र लिही. एवढंच लिही की पहिली पाच तरी माझ्यासाठी होती. मी विश्वास ठेवीन.

बाबा

२ जुलै

भिंगरी,

तुझं पत्र आलं नाही. मे महिन्यात चौथं खोकं आलं ते मी न उघडता परत पाठवलं, हे तुला कळलंच असेल, कारण त्यानंतर तुझा फोन बंद झाला.

तो माझ्यासाठी बंद होता तोवर ठीक होतं. मला सवय आहे. तू आईचा का बंद केलास?

पहिल्या आठवड्यात ती म्हणाली, कामात असेल. दुसऱ्या आठवड्यात फोन दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेली. तो म्हणाला, "आजी, फोन एकदम ठणठणीत आहे." तो ठणठणीत आहे हे ऐकून ती रस्त्यात रडली म्हणे, मला शेजारणीनं सांगितलं. घरी येऊन तिनं मला विचारलं, "तुम्ही काय केलंत?" मी खोकं परत पाठवल्याचं सांगितलं. का, ते सांगू शकलो नाही. पोराला चोर म्हणायचं ते तिच्यासमोर? मी म्हटलं, जागा नव्हती.

"जागा नव्हती! चार वर्षांनी पोरानं बापाला काहीतरी दिलं, आणि तुम्हाला जागा नव्हती!"

त्या दिवसापासून ती अर्धी पोळी खाते आणि झालं म्हणते. गुडघ्याचं औषध घेत नाही. संध्याकाळी फोन मांडीवर घेऊन खिडकीत बसते, वाजला तर ऐकू येणार नाही म्हणून रेडिओ लावत नाही.

मी दोनदा वनखात्याच्या कचेरीपर्यंत जाऊन आलो. तीन पायऱ्या आणि एक काचेचं दार आहे. आत एक शिपाई पंख्याखाली पेपर वाचत होता. पहिल्यांदा त्यानं मला "काय काम?" विचारलं, मी म्हटलं, पाणी मिळेल का प्यायला. दुसऱ्यांदा मी दाराला हातसुद्धा लावला नाही. आत जाऊन काय बोलायचं ते मी वाटेत नीट जुळवलं होतं, पण पहिलं वाक्य "माझा मुलगा" असं होतं आणि त्याच्यापुढं मला जाता येईना.

झाडं परत नेऊन लावता येतील का, ह्याचीही चौकशी केली. दातांचे डॉक्टर म्हणाले, "कुठल्या डोंगरावर, कुठल्या खड्ड्यात, माहीत आहे? आणि मूळच नाही तर ती दगडात काय धरणार?" राहिलेल्यांतल्या नऊ सडल्या. दर दोन-तीन दिवसांनी एखादी हाताला मऊ लागते. मी चाकूनं सडका भाग कापतो, गंधक लावतो, पुन्हा सुकवतो. पुन्हा मऊ लागते. किती कापायचं? शेवटी हातात एक टोक उरतं.

म्हणून लिहितोय. पाठव तुला काय पाठवायचं ते. मी परत करणार नाही. माझी इकडे आड तिकडे विहीर झाली आहे, आणि विहिरीच्या काठावर तुझी आई बसली आहे. तिला फोन कर.

बाबा

२२ ऑक्टोबर

भिंगरी,

हे पत्र मिळताच लॉज सोड. तुझा फोन परवापासून लागत नाही, म्हणून घाईनं पोस्टात टाकतोय. आधी लॉज सोड, मग पुढचं वाच.

गेल्या आठवड्यात चांदण्या फुलल्या. जुलैनंतर आलेल्या सगळ्या, एकाच दिवशी. एकीलाही नवं मूळ फुटलेलं नाही, मी प्रत्येक कुंडी तपासली आहे. अंगात साठवलेलं जे पाणी असतं त्याच्यावर ही जात वर्षभर काढते, आणि त्यातलंच पाणी घालून फूल काढते. सगळी गच्ची गुलाबी झाली होती. माझ्या उभ्या आयुष्यात मी असं पाहिलं नव्हतं आणि मला ते बघवत नव्हतं. डॉक्टर येऊन फोटो काढून गेले आणि ते त्यांनी क्लबाच्या ग्रुपवर टाकले. मी नको म्हणालो होतो. ते म्हणाले, "अहो, सौंदर्य आहे, लपवायचं कशाला?"

परवा सकाळी एक बाई आली. तुझ्याच वयाची, साधे कपडे, खांद्याला पिशवी. क्लबातून कळलं, फुलं बघायची आहेत, म्हणाली. आईनं आनंदानं वर आणलं. कोणी फुलं बघायला आलं की आधी फुलाकडे वाकतं. ही वाकली ती बुडाशी. एक कुंडी जरा तिरकी केली, बोटानं खडी बाजूला सारली, मूळ कुठं सुरू होतं ते पाहिलं. मला कळलं. माझे हात पाण्याच्या झारीवर होते, ते तिथंच राहिले.

"काका, फार सुंदर आहेत. कशा मिळाल्या?"

मी म्हणालो, "मी बियांपासून केल्या."

तिनं माझ्याकडे पाहिलं. खोटं आहे हे तिला कळलं आणि तिला कळलं हे मला कळलं. पण ती नुसती मान डोलावणार होती, असं मला अजून वाटतं. बशीएवढी चांदणी बियांपासून करायला माणसाला दोन जन्म लागतील, पण म्हाताऱ्याचं बोलणं कोणी लगेच खोडून काढत नाही. कदाचित एक दिवस मिळाला असता. एका दिवसात तुला कळवलं असतं.

तेवढ्यात तुझी आई चहाचा ट्रे घेऊन गच्चीत आली.

"काहीतरीच काय सांगताय!" ती म्हणाली. "बियांपासून म्हणे! अगं, ह्यांचं ऐकू नकोस. ह्या सगळ्या आमच्या मुलानं पाठवल्यात. स्वतः डोंगर चढून काढतो तो एकेक. पहाटे निघतो, पाठीवर पोतं घेऊन."

"अगं, तू खाली जा बघू," मी म्हणालो.

"का जाऊ? आयुष्यात पोराबद्दल एक चांगला शब्द तुमच्या तोंडून निघाला नाही. आज त्यानं काही केलं तर तेही तुम्ही तुमच्या नावावर घेणार?" तिचे डोळे भरले होते. मग त्या बाईचा हात धरून म्हणाली, "तूच सांग, बापानं असं करावं का?"

ती बाई चहाचा कप हातात धरून उभी राहिली. आई सांगत गेली. कुठला डोंगर, कुठलं गाव, तू कुठल्या लॉजवर उतरतोस, किती कष्ट पडतात, टोपीवाला कधी येतो. फोन सुरू झाल्यापासून तू तिला सगळं सांगत होतास, हे मला परवा कळलं. मला तू काहीच सांगत नव्हतास, म्हणून मला वाटलं होतं कोणालाच सांगत नाहीस. मी दोनदा तिला अडवलं. मी अडवलं की ती आणखी एक गोष्ट सांगायची.

जाताना मी त्या बाईबरोबर जिन्यापर्यंत गेलो. तिनं पिशवीतून ओळखपत्र काढून दाखवलं. वनखातं. म्हणाली, "काका, मावशींनी चहा दिला, आणि मी त्यांच्यापासून हे लपवून प्यायले. मला बरं वाटलं नाही. पण झाडं मी पाहिलीत. आता न पाहिल्यासारखं करता येत नाही मला."

मी तिला म्हणालो, मलाही आलं नव्हतं.

वर आलो तर आई रिकामे कप उचलत होती. "किती गोड मुलगी! सगळं कसं मन लावून ऐकत होती," म्हणाली.

तिला काही माहीत नाही. तू लॉज सोड.

बाबा

३० नोव्हेंबर

प्रिय भिंगरी,

वकिलांनी हा पत्ता दिला. पत्रं आत देण्याआधी वाचतात म्हणे, वाचू देत. त्यांच्या वाचण्यासारखं त्यात काही नाही.

ते लोक इथंही येऊन गेले. सगळ्या चांदण्या प्लॅस्टिकच्या क्रेटमधून नेल्या. माझ्या बियांच्या चांदण्या वेगळ्या काढून ठेवल्या, त्यांना हात लावला नाही. नेलेल्या सरकारी बागेत ठेवल्या आहेत. मी जाऊन विचारलं, मुळं फुटतात का. तिथला माळी म्हणाला, "फुटली तर फुटतील." मला आत जाऊन बघू दिलं नाही, आणि ते बरोबरच आहे.

जामिनाचं वकील बघताहेत. लवकर होईल असं ते म्हणत नाहीत.

मागच्या भेटीत तू आईला विचारलंस, लॉजचा पत्ता त्यांना कोणी दिला. ती घरी येऊन तेच विचारत होती. भाजी चिरताना, जिना उतरताना, झोपेतून उठून. "कोणी सांगितलं असेल हो? कोणाच्या डोळ्यांवर आलं असेल आपलं?" दोन दिवस मी ऐकलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती म्हणाली, "मी तर कोणाकडे काही बोलले नाही ना?" आणि आठवायला लागली. कोण कोण आलं होतं, कोणाला काय म्हणाले, एकेक.

तिला फार आठवायच्या आत मी सांगितलं. आता तुलाही सांगतो. पत्ता मी दिला. मी स्वतः वनखात्याच्या कचेरीत जाऊन सगळं सांगितलं. तीन पायऱ्या आणि काचेचं दार, तिथं. तुला पटेल ते. खोकं परत पाठवणारा माणूस एवढंही करू शकतो.

ऑक्टोबरात तुला एक पत्र टाकलं होतं. ते लॉजवरून परत आलं, 'ह्या नावाचा माणूस पत्त्यावर नाही' असा शेरा मारून. त्यात विशेष काही नव्हतं, फुलं आली एवढंच लिहिलं होतं. ते पुन्हा पाठवत नाही.

आई माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते आणि आत जाते. शेजारणीकडे म्हणाली, "ज्यांनी पोटच्या पोराला धरून दिलं त्यांच्याशी मी काय बोलू?" पण पूर्ण पोळी खाते. तुझ्यासाठी धावपळ करायची म्हणून गुडघ्याचं औषधही वेळेवर घेते. रागानं माणसाला बळ येतं.

गुरुवारची भेट मिळाली आहे. एकालाच आत सोडतात, ती येईल. मोठा रस्ता ओलांडायला तिला एकटीला भीती वाटते, म्हणून मला फाटकापर्यंत येऊ देणार आहे. मी समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसेन, तुला दिसणार नाही.

माझ्याबद्दल तुला काय बोलायचं ते तिच्यापाशी खुशाल बोल. तीही बोलेल. तुम्हा दोघांचं एकमत झालेलं तिला हवंच आहे. आणि बोलून झालं की तिला विचार, रात्री झोप लागते का. मला ती सांगत नाही.

बाबा